गोव्यातल्या घरी पाणथळ बाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाणथळ बाग म्हणजे परसातले छोटे तळेच ना?

नाही. तळ्यात पाणी डोळ्यांना दिसते, पाणथळ बागेत ते मातीत मुरलेले असते. माती सतत भिजलेली राहते, पण तिच्यावर पाणी साचत नाही. भाताचा तरवा काढायच्या दिवसांत वाफ्याची जमीन जशी असते, पाय ठेवला की दबते आणि उचलला की खळगा हळूहळू बुजतो, साधारण तशी.

अशा मातीत मुळांना हवा फार कमी मिळते. म्हणून जास्वंद, मोगरा, गुलाब तिथे कुजतात. अळू, वेखंड, नीरब्राह्मी यांना मात्र तीच जमीन मानवते. अळवाचा देठ आडवा कापून पाहा, आत बारीक पोकळ्यांची जाळी दिसेल. पानांकडची हवा त्या पोकळ्यांतून चिखलातल्या मुळांपर्यंत उतरते. पाणथळ जागेतल्या बहुतेक झाडांनी हीच सोय केलेली असते.

गोव्यात एवढा पाऊस पडतो. मुद्दाम ओली जागा कशाला करायची?

पाऊस पडतो, पण राहत नाही. वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडते आणि त्यातले बहुतेक जून ते सप्टेंबरात संपते. कौलांवरचे पाणी आपण पन्हळीतून थेट गटारात सोडतो, अंगणात पेव्हर बसवतो, परसात एखादी सखल जागा असली तर चिऱ्यांचे तुकडे आणि डबर टाकून ती भरून घेतो. मग एप्रिलमध्ये विहिरीत बादली तळाला लागते आणि टँकरची वाट बघावी लागते. पावसाचे थोडे पाणी आवारातच अडवून मातीत ठेवणे हा पाणथळ बागेचा खरा हेतू. झाडे, फुले, बेडूक, चतुर हे त्यामागून येतात.

दुसरे कारण मला तितकेच महत्त्वाचे वाटते. गोव्याची ओळख सांगताना आपण समुद्र दाखवतो, पण इथले जगणे उभे राहिले ते ओल्या जमिनीवर. खाजने (खाडीकाठी बांध घालून राखलेली शेते), त्यांचे बांध आणि मानशी (पाण्याची दारे), कुळागरातले (माड-पोफळीच्या बागेतले) पाट, गावागावांतली तळी. कुडचड्याचे नंदा तळे २०२२ मध्ये गोव्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाले आणि ते मुळात गोड्या पाण्याची हंगामी दलदलच आहे. सत्तरी तालुक्यात बांबरला निरंकाराच्या देवराईत रानजायफळाच्या कुळातली झाडे चिखलात उभी आहेत आणि त्यांची मुळे गुडघ्यासारखी जमिनीबाहेर येऊन श्वास घेतात. घरची बाग यांची जागा घेऊ शकत नाही. पण ज्या मुलांनी परसात वेखंड आणि बेडकाची अंडी पाहिलेली असतात, त्यांना सखल जागा म्हणजे भराव टाकायची जागा असे वाटत नाही.

जागा कशी निवडावी?

घाई करू नका. एक पावसाळा नुसते पाहा. मोठी सर पडून गेल्यावर छत्री घेऊन परसात फेरी मारा आणि पाणी कुठून येते, कुठे थांबते, कुठून बाहेर जाते ते लक्षात ठेवा. पाणी आपणहून जिथे जाते तीच जागा बहुधा योग्य असते. तिथे एरवी काही नीट वाढतही नाही, त्यामुळे गमावायला काही नसते.

ऊन दिवसाला चार-पाच तास मिळावे. सकाळचे असेल तर उत्तम, कारण एप्रिलमधले दुपारचे ऊन ओल्या मातीलाही तडे पाडते. माडाच्या अगदी बुंध्याशी बाग करू नका. नारळ-चुडते पडतात हे एक, आणि खणताना माडाची मुळे तुटतात.

या गोष्टींपासून लांब राहा:

- घराची भिंत. चिऱ्याची भिंत ओल वर ओढून घेते. निदान दोन-तीन मीटर अंतर ठेवा आणि बाग घराच्या उताराकडच्या बाजूला करा.
- सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा.
- पिण्याच्या पाण्याची विहीर.
- आवाराची जुनी गडग्याची भिंत. तिचा पाया भिजला की ती पहिल्याच पावसात कलते.

प्लॅस्टिकचे अस्तर घालावेच लागते का?

ते तुमची जमीन सांगेल. साधारण ६० सेंटिमीटर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, ते जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी बरेचसे तसेच असेल तर अस्तराची गरज नाही. नदीकाठच्या, शेताला लागून असलेल्या सखल घरांत असे होते. पर्वरी, वेर्णे अशा जांभ्याच्या सड्यावरच्या (सपाट खडकाळ माथ्यावरच्या) वसाहतींत पाणी काही तासांत नाहीसे होते. तिथे अस्तराशिवाय जानेवारीनंतर बाग टिकणार नाही.

ही चाचणी पावसात करू नका. भर पावसाळ्यात जमीन तुडुंब असते, तेव्हा सगळ्याच जागा पाणथळ वाटतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये करा.

अस्तर कोणते घ्यावे आणि किती?

पावसाळ्यात गॅलरीला आणि पडवीला बांधतो ती निळी ताडपत्री नको. ती उन्हाने दोन-तीन वर्षांत चुरते. शेततळ्यांसाठी मिळतो तो ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद चांगला. ईपीडीएम रबर त्याहून चांगले, पण महाग.

माप काढायची रीत सोपी आहे. लांबीत दोनदा खोली मिळवा आणि दोन्ही काठांसाठी मिळून ६० सेंटिमीटर वाढवा. रुंदीचेही तसेच. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर खोल खड्ड्याला साडेतीन मीटर बाय तीन मीटर कागद लागतो. पहिल्या बागेला हे माप पुरेसे आहे. खोली ४५ सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. ३० पेक्षा उथळ केली तर ती उन्हाळ्यात फार लवकर सुकते. फार खोल केली तर तळाची माती नासते आणि त्या खोलीपर्यंत मुळेही जात नाहीत.

बाग प्रत्यक्ष करायची कशी?

खणायचे काम एप्रिल-मेमध्ये उरका. जांभा कडक असतो, पिकाव लागतो, पण कोरड्या दिवसांत खड्ड्याच्या कडा ढासळत नाहीत. खणलेली माती दोन ढिगांत ठेवा, वरची काळपट एकीकडे आणि खालची लाल, खडेवाली दुसरीकडे.

तळाशी आणि बाजूंना टोकदार खडे बाहेर आलेले असतात, ते काढून टाका. मग जुनी गोणपाटे दोन थर अंथरा आणि त्यावर कागद सैलसर बसवा. ताणून बसवलेला कागद मातीचे वजन पडले की कोपऱ्यात फाटतो. आता एक गोष्ट करा जी करताना प्रत्येकाचा हात अडखळतो: कागदाला भोके पाडा. तळाला साधारण मीटरभर अंतरावर एकेक, बोटाएवढे. पाणी पूर्ण कोंडले तर माती सडते. या भोकांतून ते सावकाश झिरपत राहते आणि वरून नवे, हवा मिसळलेले पाणी आत शिरते. जमीन मुळातच चिकट असेल तर भोके जरा जास्त ठेवा.

तळाशी चिऱ्याचे बारीक तुकडे चार-पाच बोटे जाडीचे पसरा. नदीच्या रेतीमागे लागू नका. ती कुठून उपसलेली असते हे आपल्याला ठाऊक आहे, आणि चिऱ्याचे तुकडे तेच काम करतात. त्यावर जाडसर पीव्हीसी पाइप आडवा ठेवा. त्याला बाजूंनी भोके पाडलेली, एक टोक बुच लावून बंद, आणि दुसऱ्या टोकाला कोपरा जोडून तोंड वर जमिनीबाहेर काढलेले. उन्हाळ्यात पाणी या तोंडातून द्यायचे. वरून शिंपडलेले पाणी उडून जाते, इथून दिलेले थेट मुळांखाली पोचते. तोंडाला जाळी बांधायला विसरू नका, नाहीतर आत डास अंडी घालतील.

पाइपभोवती सोडणांचा, म्हणजे नारळाच्या काथ्यावाल्या सालांचा, एक थर द्या, तंतूंची बाजू वर करून. माडाच्या बागेत ओल धरायला सोडणे पुरायची पद्धत जुनीच आहे. ती आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतात आणि कुजायला वर्षे लागतात. मग माती भरा. काठाच्या दोन-तीन बोटे खालपर्यंतच भरा, कारण पाणी दिल्यावर ती बसते आणि पुन्हा थोडी घालावी लागते. कागदाच्या कडा मातीखाली दाबा आणि त्यावर चिरे किंवा गवताचे ढेप ठेवा. उघडा कागद काठावर दिसत राहिला की उन्हाने तिथूनच फाटू लागतो.

माती कोणती भरावी? परदेशी लेखांत पीट सांगतात.

पीट नको. हजारो वर्षांत साठलेली दलदल उकरून ते काढतात. दलदलीसाठी दलदल मोडायची, हे मला पटत नाही. शिवाय गरजही नाही. आपल्याकडे काथ्याचा भुसा मुबलक आहे. फक्त त्यात मीठ असते, तेव्हा गोणीत भरून दोन-तीन पाण्यांत चांगला धुवून घ्या आणि पिळा.

मिश्रणात निम्मी बागेतली वरची माती, पाव भाग काथ्याचा भुसा आणि पाव भाग पूर्ण कुजलेला पाला घ्या. खणताना निघालेल्या लाल मातीतले मोठे खडे काढून तीही थोडी घालता येते. ताजे शेण, हिरवा पाला, स्वयंपाकघरातला ओला कचरा यांतले काहीही घालू नका. हवा नसलेल्या मातीत ते कुजत नाही, नासते.

आणि खाजनातली काळी माती कितीही सुपीक दिसली तरी आणू नका. ती खारी असते, शिवाय बांधाजवळची माती काढणे म्हणजे सगळ्या गावाच्या शेताला धोका.

जुलैत पाऊस कोसळतो तेव्हा माती वाहून जाणार नाही का?

सांडवा ठेवला नाही तर नक्की जाईल. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस ही जुलैत नवलाची गोष्ट नाही. तीन चौरस मीटरच्या बागेवर तेवढ्यात ३०० लिटर पाणी पडते, तेही छपराचे पाणी धरले नाही तर. म्हणून काठाचा एक भाग बाकीच्यापेक्षा दोन बोटे खाली ठेवा, त्यावर सपाट चिरा बसवा आणि पुढे पाणी कुठे जाईल त्याची वाट करून द्या. ती वाट शेजाऱ्याच्या आवारात जाता कामा नये.

छपराची पन्हळ बागेत सोडायची इच्छा सगळ्यांनाच होते. सोडा, पण सरळ नको. पाणी आधी दगडांच्या ढिगावर पडू द्या, त्याचा जोर मोडला की पुढे बागेत. जून-जुलैत पन्हळ दुसरीकडे वळवता येईल अशी सोय असावी, आणि परतीच्या पावसाच्या वेळी, सप्टेंबरअखेरीपासून, ती पुन्हा बागेकडे आणावी. त्या दिवसांतले पाणी सगळ्यात मोलाचे.

डास होतील ना? घरात लहान मुले आहेत.

हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारला जातो आणि विचारायलाच हवा. डेंग्यू आणि मलेरिया दोन्ही गोव्यात आहेत.

डासाला अंडी-अळी-कोष या अवस्थांसाठी साचलेले पाणी लागते. आपल्या हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. भिजलेल्या मातीत अळी जगू शकत नाही, तिला पोहायला आणि श्वास घ्यायला पाण्याचा पृष्ठभाग हवा. म्हणजे बाग नीट केलेली असेल, पाणी मातीच्या वर येत नसेल, तर डासांना तिथे काही मिळत नाही. डेंग्यूचा एडीस डास कुंड्यांखालच्या बश्या, नारळाच्या करवंट्या, टायर, गच्चीवरची उघडी टाकी अशा जागा पसंत करतो. शहरी मलेरियाचा डास बांधकामावर साठवलेल्या पाण्यात आणि टाक्यांत वाढतो. आधी घराभोवतीच्या या जागा शोधा.

तरीही पाणथळ बागेला शिस्त लागते. पावसाने उघडीप दिली की आठवड्यातून एकदा तळहाताने माती जागोजाग दाबून पाहा. बोटांच्या फटीतून ओल वर यावी, पण खळगा पाण्याने भरून राहू नये. भरून राहिला तर तिथे मूठभर माती घाला. अळवाच्या जुन्या पानांच्या बगलेत, केवड्याच्या पानांच्या बेचक्यात पाणी साठते, तेही पाहा. म्हणूनच मी छोट्या बागेत केवडा सुचवत नाही.

मातीत मुद्दाम छोटे डबके ठेवायचे असेल तर त्यात मासे किंवा बीटीआय या जिवाणूची पावडर लागेल. हा जिवाणू डासांच्या अळ्या मारतो, बेडूक आणि चतुरांना त्याचा त्रास होत नाही. रॉकेल किंवा जळके तेल ओतू नका, त्याने सगळेच मरते. पण घरात लहान मुले किंवा आजारी माणूस असेल तर डबके ठेवूच नका. नुसती ओली माती पुरेशी सुंदर असते.

कोणती झाडे लावावीत?

तीन चौरस मीटरला चार-पाच जातींपेक्षा जास्त नकोत. पहिल्या वर्षी सगळे काही लावले की दुसऱ्या वर्षी दोनच जाती उरतात, त्याही सगळ्यांत दांडग्या.

मागच्या बाजूला सोनटक्का लावा. माणसाच्या छातीपर्यंत, कधी डोक्यापर्यंत वाढतो, पावसाळ्यात आणि त्यानंतरही फुलतो, आणि संध्याकाळी त्याचा वास सगळ्या पडवीत भरतो. त्याच्या जोडीला कर्दळ चालते. ती जरा कोरडेही सहन करते, म्हणून काठाकडे ठेवा.

मध्ये वेखंड. तलवारीसारखी पाने, चुरडली की ओळखीचा वास. त्याचा कांदा जमिनीलगत आडवा सरकतो, खोल पुरू नका, अर्धा उघडा ठेवा. वेखंडाइतके बिनतक्रार झाड मला माहीत नाही. शेजारी अळू. तेरेही (रानअळू) चालते, पण ते पसरते, तेव्हा त्याला तळ फुटलेल्या बादलीत लावून बादली मातीत पुरा.

जमिनीलगत नीरब्राह्मी आणि एकपानी. रोपवाटिकेत ब्राह्मी मागितली तर दोन्हींपैकी काहीही हातात येते. नीरब्राह्मीची पाने लहान, मांसल आणि देठाला चिकटलेली असतात, फूल पांढरट-जांभळे. एकपानीचे पान मूत्रपिंडाच्या आकाराचे, लांब देठावर. नीरब्राह्मीला ऊन आवडते, एकपानीला अर्धी सावली. दोन्ही मिळून मातीवर असे झाकण धरतात की एप्रिलमध्ये ओल कमी उडते. जलपिंपळीही याच कामाची, तिच्या बारीक फुलांवर फुलपाखरे येतात.

सावली असेल तर नेचे. विहिरीच्या कडेला, पाटाच्या भिंतीला आपणहून उगवलेले नेचे आणून लावले की लागतात. नागदवणा हवा तर काठाच्या जरा उंच भागात.

रोपांसाठी फार हिंडावे लागत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पावसाळ्याच्या तोंडावर कांदे आणि रोपे येतात. ओळखीच्या कुळागरात विचारलेत तर सोनटक्का-वेखंडाचे कांदे कोणी नाही म्हणत नाही. लागवड जूनचे पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाल्यावर करा.

बागेतले अळू आणि एकपानी खाता येईल का? पातोळ्यांसाठी हळदही तिथेच लावू का?

पाणी स्वच्छ असेल तर खुशाल खा. अळू-तेरे खाजतात ते त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, म्हणून चिंच, आंबाडे किंवा बिंबले घालून नीट शिजवायचे, हे कुठल्याही आजीला सांगावे लागत नाही. मात्र बागेला न्हाणीचे किंवा कपडे धुतलेले पाणी जात असेल, तर तिथले काहीही पोटात जाऊ देऊ नका. एकपानी कच्ची खातात, तिच्या बाबतीत तर मुळीच नको.

हळद तिथे नको. तिला पाऊस आवडतो पण निचरा हवा, चिखलात कांदा कुजतो. बागेभोवतीच्या वरंब्यावर लावा. मेअखेर लावलेली हळद चवथीपर्यंत पातोळ्यांना पुरेल एवढी पाने देते.

सड्यावर पावसात दिसणारी दवबिंदू, सीतेची आसवे आणून लावता येतील का?

आणू नका. ही मनापासून विनंती आहे. जांभ्याच्या सड्यावर जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत दिसणारी ही इवली झाडे तिथल्या बोटभर मातीवर, जवळपास खताविना जगतात. माती इतकी निकस असते म्हणूनच दवबिंदू चिकट केसांनी आणि सीतेची आसवे मातीतल्या बारीक पिशव्यांनी किडे पकडून नत्र मिळवतात. आपल्या बागेतल्या सकस मातीत ती आठवडाभरात जातात. यातल्या बऱ्याच जाती वर्षायू आहेत, म्हणजे बी धरायच्या आत उपटली की पुढच्या वर्षी त्या जागी काही उरत नाही. सडे आधीच झपाट्याने कापले जात आहेत.

कीटकभक्षी झाड हवेच असेल तर रोपवाटिकेत वाढवलेला घटपर्णीचा संकर घ्या, वेगळ्या कुंडीत, खताशिवाय, फक्त पावसाचे पाणी घालून. व्हीनस फ्लायट्रॅपच्या मोहात पडू नका. त्याला थंडीत विश्रांती लागते, ती गोव्यात मिळत नाही.

काय मुळीच लावू नये?

जलपर्णी, साल्व्हिनिया आणि पिवळ्या फुलांची वेडेलिया. तिन्ही बाहेरून आलेली आहेत. एक तुकडा पावसात ओहोळापर्यंत गेला की पुढे तळी आणि शेते भरतात. पाणकणीस इथलेच, दिसते सुंदर, पण त्याचे टोकदार कोंब कागद भोसकतात आणि दोन वर्षांत बाकी काही उरू देत नाहीत. मोठ्या आवारात, अस्तर नसलेल्या जागी ठीक. उपटलेले तण ओढ्यात फेकू नका, उन्हात पूर्ण वाळवा आणि मग खतात घाला.

एप्रिल-मेमध्ये बाग कशी जगवायची?

एक मिलिमीटर पाणी उडाले म्हणजे चौरस मीटरमागे एक लिटर गेले. कडक उन्हाळ्यात रोज पाच-सहा मिलिमीटर धरून चाला. तीन चौरस मीटरच्या बागेला दिवसाला १५ ते १८ लिटर, म्हणजे एक मोठी बादली. रोज देण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी पाइपातून एकदम द्या.

पण पाणी मुळात कमी असेल तर घरच्या माणसांच्या वाट्याचे बागेला घालू नका. सोनटक्का जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा, अळू वाळू द्या, वर चुडते अंथरा आणि आठवड्याला दोन बादल्या घाला. बाग ओसाड दिसेल. कांदे मात्र जिवंत असतात आणि पहिल्या पावसानंतर आठ दिवसांत कोंब येतात. हंगामी दलदलीचेही असेच चालते. बारा महिने हिरवे दिसण्याचा हट्ट धरून टँकरचे पाणी बागेत ओतणे हे या बागेच्या हेतूविरुद्ध आहे.

एसीतून गळणारे पाणी जरूर वापरा, त्यात क्षार जवळपास नसतात. आरओ यंत्राच्या वाया जाणाऱ्या पाण्यात उलट क्षार साठलेले असतात, ते सतत देऊ नका. किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी मेमध्ये खारट होते. चव घेऊन पाहा, जिभेला मीठ लागले तर ते बागेला नको.

मातीवर नारिंगी साय आणि तेलासारखा तवंग आला आहे. काही विषारी आहे का?

बहुधा नाही. जांभ्यात लोह भरपूर असते. हवा नसलेल्या ओल्या मातीत ते विरघळते आणि वर आले की लोहजिवाणू त्याचा गंज करतात. काडीने तवंग हलवून पाहा. काचेसारखे तुकडे होऊन वेगळे राहिले तर जिवाणूंचे काम आहे, निर्धास्त राहा. पुन्हा एकत्र येऊन पसरला तर ते खरोखर तेल आहे. गाडी उभी करायच्या जागेकडून पाणी येते का ते पाहा.

कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल तर मात्र माती गुदमरली आहे. सब्बलीने (पहारीने) तळापर्यंत, पण कागद सांभाळून, चार-सहा ठिकाणी भोके पाडा, आठवडाभर पाणी बंद ठेवा आणि ताजे खत घातले असेल तर ते काढून टाका.

साप येतील का?

येऊ शकतात. बेडूक आले की मागून दिवड येते. पाणदिवड बिनविषारी आहे, फणा काढल्यासारखी मान पसरते आणि चावरी आहे, पण तिच्या चाव्याने जीव जात नाही. पण नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे गोव्यात आहेत आणि अंधारात साप ओळखण्याचा प्रयत्न कोणी करू नये. बाग रोजच्या पायवाटेला लागून करू नका, काठाचे गवत आखूड ठेवा, चिऱ्यांचा आणि लाकडांचा ढीग जवळ नको, रात्री विजेरी घ्या. कोणाला साप चावलाच तर मांत्रिक नको, जखम कापणे-बांधणे नको, १०८ ला फोन करून थेट इस्पितळ गाठा.

चिखलात काम करताना गमबूट आणि हातमोजे घाला, विशेषतः पायाला जखम असेल तर. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि पावसाळ्यात त्याचे रुग्ण आढळतात.

बेडकांच्या आवाजाने शेजारी वैतागले तर?

जूनचे पहिले काही आठवडे सांगून ठेवा. नर बेडूक माद्यांना बोलावतात, तो जोर पुढे ओसरतो. बागेवरचा दिवा रात्री बंद ठेवा. आणि त्याच दिवसांत कोणी विजेरी-गोणी घेऊन बेडूक पकडायला आले तर वनखात्याला कळवा. बेडूक पकडणे आणि मारणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग ते कुठल्याही ताटासाठी असो.

आमचा फ्लॅट आहे. गॅलरीत जमेल?

जमेल, पण वजन मोजा. ६० सेंटिमीटर लांब-रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल टबात १०८ लिटर ओली माती मावते, तिचे वजन १८० किलोच्या घरात जाते. गॅलरीच्या टोकाला असा टब नको. ४५ सेंटिमीटर व्यासाची कुंडी ८० किलोपर्यंत भरते, ती भिंतीलगत ठेवा. भोक तळाला न ठेवता मातीच्या पातळीपासून चार बोटे खाली बाजूला पाडा. एक वेखंड आणि भोवती नीरब्राह्मी पुरे. खाली बशी ठेवू नका, तिथेच डेंग्यूचा डास येतो.

परवानगी लागते का?

आपल्या आवारात एवढीशी बाग करायला सहसा नाही. पण जमीन भातशेतीची, खाजनाची किंवा कोमुनिदादीची (गावकीच्या मालकीची) असेल, किंवा नैसर्गिक ओहोळ आवारातून जात असेल, तर खणण्याआधी पंचायतीत विचारा. वाहते पाणी अडवणे किंवा वळवणे कोणत्याही कारणाने नको.

दरवर्षी किती काम पडते?

ऑक्टोबरमध्ये दोन दिवसांचे. सोनटक्का आणि वेखंडाचे गड्डे फोडून निम्मे काढा, वाटून टाका. कुजलेल्या पाल्याचे खत वर बोटभर पसरा, वर्षभरासाठी तेवढेच. सांडव्यात अडकलेला पाला मेअखेर साफ करा आणि कागदाच्या कडा तपासा. खेकडे आणि घुशी काठ पोखरतात, तिथून पाणी गळू लागते. सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत रानडुकरे आणि साळींदर अळवाच्या कांद्यांसाठी येतात. तिथे काठाला काटेरी कुंपण हवे, किंवा अळू सोडून वेखंडावर भर द्यावा, ते बहुधा कोणी उकरत नाही.